कामाचं ठिकाण

कंपनीच्या फॉर्मवर एक चौकोन होता,
"कामाचं ठिकाण".
अकरा वर्षं मी तिथं हॅम्बुर्ग लिहीत आले, न बघता,
जशी जन्मतारीख लिहितो आपण.
या वेळी सोलापूर लिहिलं
तर संगणक म्हणाला, असं शहर यादीत नाही.

वकीलबाईंनी तीन मेल पाठवून वाट काढली:
माणसं इकडं, पगार तिकडूनच,
कर कुठं किती, ते दिवस मोजून ठरेल.
अंबादासनं फ्रिजवर कॅलेंडर लावलं
आणि रोज एक फुली मारू लागला
दुधाच्या रतिबासारखी.

बावीस खोकी आली.
सहस्राचा पलंग जिन्यात अडकला तो अडकलाच,
शेवटी पाय कापले त्याचे.
गल्लीतलं एकेक जण विचारून गेलं,
"नोकरी गेली काय गं तुझी?"
नाही, आहे.
"दाजींची?"
तीपण आहे.
"मग दिवसभर वर काय करलालीस?"

वर म्हणजे माडीवर.
खाली नायनांचे दोन माग, टॉवेलाचे,
सकाळी आठपासून खटखट, खटखट,
भिंत थरथरते,
कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठतात.
पहिल्याच मीटिंगला मी आधी माफी मागून ठेवली.
उलरिके म्हणाली, कसली माफी?
तुझ्याकडं किती शांत आहे.

मग कळलं,
माणसाचा आवाज ठेवून बाकीचं पुसून टाकणारं
काहीतरी या यंत्रात बसवलेलं असतं.
नायनांची चाळीस वर्षं
हॅम्बुर्गला पोचतच नाहीत.
टॉवेल मात्र जातात,
एजंटामार्फत, कुठल्याशा बंदरातून.
त्यांना कुणी कामाचं ठिकाण विचारत नाही.

पाणी पाचव्या दिवशी येतं, संध्याकाळी साडेसहाला,
नेमका तेव्हा आठवड्याचा आढावा.
कॅमेरा बंद, कानात जर्मन, हातात पाइप,
अम्मा खालून तेलुगूत ओरडते, टाकी भरली,
मी मराठीत थांब म्हणते
आणि तिकडं कुणाच्या तरी अडकलेल्या जहाजाबद्दल
गेनाउ, गेनाउ.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी घड्याळं मागं घेतली.
नायनांनी सहस्राला विचारलं,
"तो एक तास कुठं ठेवला गं त्यांनी?"
"मार्चपर्यंत डब्यात."
हे ती मराठीत म्हणाली.
आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं फक्त.

शेजारचे कोंडूरमामा कट्ट्यावरून म्हणतात,
दोन दगडांवर पाय ठेवलाव, पडणार तुम्ही.
नायना तुटलेलं सूत जोडत होते, मान वर न करता म्हणाले,
"माझ्या बापाचा हातमाग होता, पावड्या दोन होत्या.
दोन्ही पाय एकीवर ठेवून कुणी कापड काढलंय का बे?"
मामा हसले.
मी नाही हसले.
माझ्या आज्जाचे पाय रात्री कोण दाबायचं
ते मला आठवतं.

परवा भर दुपारी वीज गेली.
माग थांबले. इन्व्हर्टरवर माझं बोलणं चालूच.
अर्ध्या वाक्यात उलरिकेनं थांबवलं,
"बरी आहेस ना? आज आवाज वेगळाच येतोय तुझा."
आणि ऐकला मीही तो,
घरभर एकटाच फिरणारा.
ओरडत होते मी.
पाच महिने मागांच्या वरून ओरडत होते,
आणि तिकडं सगळ्यांना वाटत होतं
भारतात गेल्यापासून ही अशी ठामपणे बोलते.

दहा मिनिटांनी वीज आली.
खालून एक खट. मग दुसरा.
चहावर वर्तुळं.
मी घसा खाकरला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात
विचारलं,
ऐकू येतंय ना?